नागपुरातून ट्रेझरी बिल कसे घ्यावे: बँकेचा मार्ग, रिझर्व्ह बँकेचा मार्ग आणि दर बुधवारचा लिलाव

वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स) निवृत्त झालेल्या माणसाच्या खात्यात ग्रॅच्युइटी जमा होते. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराचे आंबिया बहाराचे पैसे डिसेंबरपर्यंत हाती येतात. बेस्याला फ्लॅट बुक केलेल्या जोडप्याला बिल्डरचा पुढचा हप्ता सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तिघांचेही पैसे थोड्या काळासाठी मोकळे आहेत आणि ते कधी लागणार हे तिघांनाही ठाऊक आहे. अशा पैशांचे काय करावे असे विचारले, तर आपल्याकडे दोनच उत्तरे मिळतात. बचत खात्यात राहू द्या, नाहीतर एफडी करा.

भारत सरकारची ट्रेझरी बिले हे तिसरे उत्तर आहे. पूर्वी ते बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या संस्थांपुरते होते. आज दहा हजार रुपयांपासून कोणालाही मिळते. तरी नागपुरात ते घेतलेली माणसे मला फार थोडी भेटतात, कारण कोणाकडे जायचे, काय म्हणायचे, पैसे कधी भरायचे, हे कोणी नीट सांगत नाही. ते सगळे इथे क्रमाने लिहितो आहे.

बिल म्हणजे काय आणि त्यात पैसे कसे वाढतात

केंद्र सरकारला थोड्या मुदतीसाठी पैसे लागतात, तेव्हा सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक ही बिले विकते. मुदती तीनच: ९१ दिवस, १८२ दिवस आणि ३६४ दिवस. यावर व्याज मिळत नाही. शंभर रुपयांचे बिल तुम्ही शंभरापेक्षा कमी किमतीला घेता आणि मुदत संपली की सरकार पूर्ण शंभर देते. मधला फरक हीच तुमची कमाई.

समजा, ९१ दिवसांच्या बिलाची किंमत ९८.६० रुपये ठरली. तुम्हाला एक लाख दर्शनी किमतीचे, म्हणजे मुदतीला एक लाख परत देणारे, बिल हवे असेल, तर आज ९८,६०० रुपये जातील आणि ९१ दिवसांनी १,००,००० परत येतील. कमाई १,४०० रुपये. वर्षाचा दर काढायला कमाईला गुंतवलेल्या रकमेने भागायचे, मग ३६५ भागिले ९१ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे ५.७० टक्के. इथे एक चूक सर्रास होते. लोक १,४०० ला एक लाखाने भागतात आणि दर कमी दिसतो म्हणून नाराज होतात. तुमच्या खिशातून लाख गेलेलेच नाहीत, ९८,६०० गेले. भागाकार त्यानेच करायचा.

वरची किंमत हिशोब समजावा म्हणून घेतली आहे. खरी किंमत दर आठवड्याला लिलावात ठरते आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी जाहीर होते. बिल घेण्याआधी मागच्या दोन-तीन बुधवारचे निकाल बघितले, की साधारण किती मिळेल याचा अंदाज येतो.

आधी ठरवा, कोणते पैसे

ही पायरी लोक वगळतात आणि पुढे त्रास होतो. ट्रेझरी बिल तारीख ठरलेल्या खर्चासाठी आहे. जूनमधली शाळेची फी, खरिपाचे बी-खत, बिल्डरचा हप्ता, दिवाळीनंतरचे लग्न, हे सगळे त्यात बसते. संत्र्याच्या बागायतदाराला तर १८२ दिवसांचे बिल मापात शिवल्यासारखे आहे: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतले, की जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर, पैसे खात्यात.

मात्र अडीअडचणीचा पैसा यात घालू नका. रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर एफडी मोबाइलवर मोडता येते. बिलाचे तसे नाही. मुदतीआधी विकता येते, पण त्याला गिऱ्हाईक शोधावे लागते, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. चार-पाच महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याची रक्कम बचत खात्यात आणि एफडीत ठेवा, उरलेल्यातून बिलाचा विचार करा.

दुसऱ्या टोकाला, पाच-सात वर्षे न लागणारा पैसाही इथे शोभत नाही. साठी ओलांडलेल्यांनी आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची तीस लाखांची मर्यादा बघावी. तिथे पाच वर्षांसाठी दर बांधला जातो. ट्रेझरी बिलाचा दर दर तीन किंवा सहा महिन्यांनी नव्याने ठरतो. व्याजदर उतरत असतील, तर प्रत्येक फेरीला तुमची कमाई घटते.

बुधवारी लिलाव, गुरुवारी बिल

हे चक्र डोक्यात पक्के बसले, की पुढचे सगळे सोपे होते.

प्रत्येक तिमाही सुरू होण्याआधी रिझर्व्ह बँक ट्रेझरी बिलांचे वेळापत्रक जाहीर करते. कोणत्या तारखेला, कोणत्या मुदतीचे, किती कोटींचे बिल विकले जाणार, ते सगळे त्यात असते. लिलाव साधारणपणे दर बुधवारी होतो आणि तिन्ही मुदतींची बिले एकाच दिवशी विकली जातात. पैशांचा आणि बिलांचा व्यवहार दुसऱ्या दिवशी, गुरुवारी पूर्ण होतो. बुधवारी सुट्टी असेल, तर वेळापत्रकात दिवस बदललेला दिसतो.

९१, १८२ आणि ३६४ या तिन्ही आकड्यांना सातने पूर्ण भाग जातो. तेरा आठवडे, सव्वीस आठवडे, बावन्न आठवडे. म्हणजे गुरुवारी घेतलेले बिल गुरुवारीच पिकते. कॅलेंडर समोर ठेवून बोटे मोजली, तरी पैसे कधी येणार ते कळते.

लिलावात दोन तऱ्हेच्या बोली लागतात. मोठ्या बँका आणि संस्था स्वतः किंमत सांगून स्पर्धा करतात. तुमच्या-माझ्यासारख्यांनी किंमत सांगायची नसते, फक्त रक्कम सांगायची. हिला नॉन-कॉम्पिटिटिव्ह बिड म्हणतात. जाहीर रकमेच्या जास्तीत जास्त पाच टक्के हिस्सा किरकोळ गुंतवणूकदारांना दिला जातो. मोठ्यांच्या बोलींमधून जी भारित सरासरी (रकमेच्या प्रमाणात काढलेली सरासरी) किंमत निघते, त्या किमतीला तुम्हाला बिल मिळते. बाजारातला दर ओळखायची कसरत करावी लागत नाही आणि मोठ्या बँकांनी दिलेल्या सरासरी भावातच तुम्हालाही बिल मिळते. सामान्य माणसासाठी याहून न्याय्य सोय मला दुसरी माहीत नाही.

निकाल वाचताना एक काळजी घ्या. त्यात कट-ऑफ किंमत आणि भारित सरासरी किंमत असे दोन आकडे असतात. कट-ऑफ ही स्वीकारलेली सर्वात कमी किंमत, त्यामुळे तिच्यापुढचा परताव्याचा दर थोडा जास्त दिसतो. वर्तमानपत्रात बहुधा तोच छापून येतो. तुम्हाला मात्र सरासरी किंमत लागू होते. दोन्हींतला फरक किरकोळ असतो, पण हिशोब करताना आपला आकडा धरावा.

पहिला मार्ग: व्यापारी बँकेतून

अनुसूचित व्यापारी बँकांना आपल्या ग्राहकांच्या छोट्या बोली एकत्र करून रिझर्व्ह बँकेच्या लिलावात लावण्याची मुभा आहे. सीताबर्डीच्या किंवा धरमपेठच्या शाखेत जाऊन विचारायला हरकत नाही, पण तयारीने जा. शाखेतले संवाद बहुतेक एकाच वळणावर जातात.

"साहेब, ट्रेझरी बिल घ्यायचं होतं."

"काका, एफडीच करून घ्या ना. सिनियर सिटिझनला अर्धा टक्का जास्त देतो. ते बिल-बिल मुंबईवरून होते."

यात काउंटरवरच्या मुलाची चूक नाही. हे काम बँकेच्या ट्रेझरी विभागात चालते, तो विभाग बहुतेक मुंबईत असतो आणि शाखेत महिन्याकाठी एखाद्यानेही हे मागितलेले नसते. म्हणून नेमके शब्द वापरा: "मला सरकारी रोख्यांसाठी गिल्ट खाते उघडायचे आहे आणि ट्रेझरी बिलाच्या लिलावात नॉन-कॉम्पिटिटिव्ह बिड लावायची आहे. तुमच्या ट्रेझरी विभागाचा संपर्क द्या." सीएसजीएल हा शब्दही कामाचा आहे. बँक रिझर्व्ह बँकेकडे ग्राहकांच्या रोख्यांसाठी जे सामायिक खाते ठेवते, त्याचे ते नाव. तुमचे गिल्ट खाते त्याच्या पोटात असते. शाखेतून उत्तर नाही मिळाले, तर ई-मेलवर लेखी विचारणा करा. लेखी प्रश्न योग्य टेबलावर लवकर पोहोचतो.

खाते उघडायला पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला धनादेश, वारसाचे नाव आणि एक करारपत्र लागते. नवरा-बायकोचे संयुक्त बचत खाते असेल, तर गिल्ट खात्यात नावे त्याच क्रमाने घाला, म्हणजे पैसे परत येताना घोळ होत नाही. ही कागदपत्रे मुंबईला जाऊन परत यायला वेळ लागतो. डिसेंबरात बिल हवे असेल, तर अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरातच द्या.

खाते झाले, की बोलीची लेखी सूचना द्यायची. त्यात बिलाची मुदत, लिलावाची तारीख, दर्शनी रक्कम आणि नॉन-कॉम्पिटिटिव्ह हा शब्द, एवढे पुरते. रक्कम दहा हजारांच्या पटीत हवी. बँक आपली अंतर्गत वेळ मंगळवारी दुपारची, काही ठिकाणी सोमवारचीही ठेवते. ती आधी विचारून घ्या, कारण बुधवारी सकाळी शाखा उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. एका मुदतीच्या लिलावात एका माणसाला एकच बोली लावता येते, तीही एकाच बँकेमार्फत. दोन बँकांतून एकाच बिलासाठी अर्ज करू नका.

बुधवारी निकाल लागतो, गुरुवारी पैसे वळते होतात. खात्यात पूर्ण दर्शनी रकमेएवढे पैसे ठेवले, तर किंमत काहीही ठरली तरी अडचण येत नाही. बिल मिळाल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांच्या आत ते तुमच्या गिल्ट खात्यात दाखवायचे बंधन बँकेवर आहे. धारणेचे विवरणपत्र मागून घ्या. ते हातात येईपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नका.

आता खर्चाचे बघू. या सेवेसाठी बँक दर शंभर रुपयांमागे जास्तीत जास्त सहा पैसे घेऊ शकते. ऐकायला काहीच वाटत नाही, एक लाखावर साठ रुपये. पण वरच्या उदाहरणात तुमची सगळी कमाई १,४०० आहे. त्यातून साठ गेले, की उरले १,३४०, आणि वर्षाचा दर ५.७० वरून ५.४५ वर येतो. तीन महिन्यांच्या बिलावर दर फेरीला साठ रुपये म्हणजे वर्षाला चारदा. तेच साठ रुपये ३६४ दिवसांच्या बिलावर एकदाच जातात. म्हणून बँकेच्या मार्गाने जायचे असेल, तर लांब मुदत घ्या, किंवा शुल्क माफ होते का ते आधी विचारा. गिल्ट खात्याचे वार्षिक शुल्क आहे का, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

कधी बँक म्हणते, लिलाव कशाला, आमच्याकडचे बिल आम्हीच विकतो. यात गैर काही नाही. पण ती किंमत बँकेने ठरवलेली असते, लिलावातली सरासरी नव्हे. उरलेले दिवस आणि सांगितलेली किंमत घेऊन वरच्याच पद्धतीने दर काढा, ताज्या लिलावाच्या दराशी ताडून बघा, मगच होकार द्या.

दुसरा मार्ग: रिझर्व्ह बँकेकडे थेट खाते

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिटेल डायरेक्ट योजना सुरू झाली आणि मधला माणूस लागायचाच बंद झाला. ज्यांना मोबाइलवर यूपीआय जमते, त्यांना मी हाच मार्ग सुचवतो. खाते उघडायला आणि चालवायला शुल्क नाही. पैसे भरताना पेमेंट गेटवेचा काही आकार लागला, तर तेवढाच.

लोकांना वाटते, यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जावे लागेल. तिथे जायची गरज नाही. आरबीआयरिटेलडायरेक्ट डॉट ओआरजी डॉट इन हे संकेतस्थळ किंवा २०२४ मध्ये आलेले मोबाइल अ‍ॅप, यांवर सगळे होते. अ‍ॅप मोबाइलच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून नको.

नोंदणीला पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल नंबर, ई-मेल आणि तुमच्या नावाचे बचत खाते लागते. अडकण्याची जागा बहुधा एकच असते: पॅनवरचे, आधारवरचे आणि बँकेतले नाव जुळत नाही. आपल्याकडे एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचे नाव गाळलेले, तिसरीकडे ‘राव’ जोडलेले, असे हमखास असते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना तर याचा फारच जाच होतो. नोंदणीला बसण्याआधी तिन्ही ठिकाणची नावे सारखी करून घ्या. नंतर धावपळ करण्यापेक्षा ते बरे. संयुक्त खातेही उघडता येते आणि वारस नोंदवता येतो. पडताळणी झाली, की रिटेल डायरेक्ट गिल्ट खात्याचा क्रमांक मिळतो.

बोली लावायचे काम दहा मिनिटांचे आहे. आत गेल्यावर प्राथमिक लिलावाच्या भागात त्या आठवड्याची बिले दिसतात. मुदत निवडा, दर्शनी रक्कम टाका, नेट बँकिंगने किंवा यूपीआयने पैसे भरा. बोलीच्या वेळी किंमत ठरलेली नसते, म्हणून पोर्टल अंदाजे रक्कम घेते आणि निकालानंतर जास्तीचे पैसे खात्यात परत करते. पैसे भरल्याशिवाय बोली पूर्ण होत नाही. नुसती रक्कम टाकून बाहेर पडलात, तर तुमची बोली लिलावात जातच नाही. बोली सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी आटपा. शेवटच्या क्षणी बँकेचा सर्व्हर बसला, तर तो आठवडा हातचा जातो.

शनिवारी मुलगा किंवा सून घरी असताना आई-वडिलांना खाते उघडून द्यावे. मोबाइल नंबर आणि ई-मेल मात्र त्यांचाच असू द्या. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या ई-मेलवर आईच्या गुंतवणुकीचे सगळे संदेश जातात आणि तिला काहीच कळत नाही, हे मला पटत नाही. पैसा तिचा आहे, माहितीही तिलाच मिळाली पाहिजे.

ज्यांचे शेअर बाजाराचे डिमॅट खाते आहे, त्यांना ब्रोकरच्या अ‍ॅपमधून किंवा एनएसई या शेअर बाजाराच्या गोबिड या सेवेवरूनही बोली लावता येते. बिल डिमॅट खात्यात जमा होते. शुल्क तेवढे तपासा, बाकी रीत हीच.

कागद कोणाच्या खात्यात आहे

हा मुद्दा नागपूरकरांना वेगळा सांगावा लागू नये, पण नव्या पिढीला तो माहीत नाही. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे शंभर कोटींहून अधिक रुपये सरकारी रोख्यांच्या व्यवहारात बुडाले. रोखे सरकारचे, म्हणजे सर्वांत सुरक्षित. पण ते होम ट्रेडसह काही खासगी दलाल कंपन्यांमार्फत घेतले गेले, पैसे देऊन झाले आणि रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. शेतकऱ्यांच्या ठेवी त्यात अडकल्या. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवले आणि प्रकरण पुढे अपिलात गेले.

त्या व्यवहारात सरकारने कोणाचेही पैसे बुडवले नाहीत. सरकारपर्यंत जाणारी वाट खोटी होती. म्हणून तुम्ही कोणत्याही मार्गाने बिल घ्या, व्यवहारानंतर एकच प्रश्न विचारा: हे बिल माझ्या नावाच्या कोणत्या खात्यात दिसते आहे? उत्तर तीनपैकी एक असले पाहिजे. रिटेल डायरेक्ट गिल्ट खाते, बँकेतले गिल्ट खाते किंवा तुमचे डिमॅट खाते. "आमच्या कंपनीने तुमच्या वतीने ठेवले आहे", "सर्टिफिकेट देतो", "ग्रुपमध्ये घेतले आहे", असे कोणी म्हणाले, तर पैसे देऊ नका, मग तो नात्यातला असला तरी. ट्रेझरी बिलाचे छापील प्रमाणपत्र घरी येत नाही. ते फक्त नोंदीच्या रूपात असते. खात्रीने आठ-दहा टक्के देणारे ‘सरकारी बिल’ विकायला कोणी आला, तर तो दुसरेच काही विकतो आहे.

एफडीशी तुलना करतानाही याचा विचार व्हावा. बँक बुडाली, तर एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तेवढेही संरक्षण नाही. एखाद्या सहकारी बँकेत वीस लाख ठेवून बसलेल्या ज्येष्ठांनी पाच लाखांवरच्या रकमेचा विचार या अंगाने करावाच. ट्रेझरी बिलात सगळीच्या सगळी रक्कम भारत सरकारचे देणे असते.

कर कसा लागतो

बिलाची कमाई करमुक्त नाही. ती तुमच्या उत्पन्नात मिळवली जाते आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. बागायतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. संत्र्याचे उत्पन्न शेतीचे म्हणून करातून सुटते, पण त्या पैशातून घेतलेल्या बिलाची कमाई शेतीची नाही.

बिलावर टीडीएस कापला जात नाही. एफडीचे व्याज वर्षाला पन्नास हजारांच्या वर, ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखाच्या वर गेले, की बँक टीडीएस कापते. इथे तसे नाही, म्हणजे रिटर्नमध्ये कमाई स्वतः दाखवायची जबाबदारी तुमची. प्रत्येक बिलाची खरेदी किंमत आणि परत आलेली रक्कम एका वहीत लिहून ठेवा, सीएला जुलैमध्ये शोधाशोध करावी लागणार नाही. कर बिल पिकते त्या आर्थिक वर्षात मोजला जातो. एप्रिलनंतर घेतलेले ३६४ दिवसांचे बिल पुढच्या वर्षी पिकले, तर कमाईही पुढच्या वर्षात जाते.

जुन्या करप्रणालीत असलेल्या ज्येष्ठांना एफडीच्या व्याजावर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. ती ट्रेझरी बिलाला लागू नाही. शिवाय एफडीवर त्यांना अर्धा टक्का जास्त मिळतो. या दोन कारणांनी, चांगल्या राष्ट्रीयीकृत बँकेत पाच-सात लाख असलेल्या आणि जुनी प्रणाली निवडलेल्या आजी-आजोबांना मी एफडीच ठेवा असे सांगेन. बिल सुरक्षित आहे म्हणून प्रत्येकाला ते फायद्याचे असेलच असे नाही. दोन्हींचा कर गेल्यावर हातात किती उरते, तो आकडा काढा.

पैसे परत येताना आणि पुन्हा गुंतवताना

मुदत संपली, की पैसे जोडलेल्या बचत खात्यात आपोआप येतात, अर्ज करावा लागत नाही. म्हणूनच ते खाते चालू ठेवा. केवायसी राहून गेल्यामुळे खाते गोठले असेल, तर रक्कम अडकते. बँका एकमेकांत विलीन झाल्या, की आयएफएससी कोडही बदलतो. तो खात्यात नवा करून घ्या.

पैसे गुरुवारी येतात आणि पुढचा लिलाव बुधवारी, म्हणजे नवे बिल पुढच्या गुरुवारी. एक आठवडा पैसा बचत खात्यात पडून राहतो. तीन महिन्यांचे बिल पुन्हा पुन्हा घेणाऱ्याला हे जाणवते. वरच्या उदाहरणातले ५.७० टक्के आणि बचत खात्याचे अडीच टक्के धरले, तर ९८ दिवसांचा मिळून दर ५.४७ च्या आसपास येतो. १८२ किंवा ३६४ दिवसांच्या बिलात ही गळती तेवढी लागत नाही. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये रिटेल डायरेक्टवर ट्रेझरी बिलांसाठी ऑटो-बिडिंगची, म्हणजे आपोआप बोली लागण्याची, सोय जाहीर केली. नवी गुंतवणूक आणि आलेल्या पैशांची फेरगुंतवणूक, दोन्हींसाठी ती वापरता येते. विसरभोळ्या माणसाला ती वरदान आहे. पण खर्चाची तारीख जवळ आली, की ती बंद करायला विसरू नका.

मुदतीआधी पैसे हवेच असतील, तर बिल दुय्यम बाजारात, म्हणजे दुसऱ्या गुंतवणूकदाराला, विकता येते: रिटेल डायरेक्टवरून स्वतः, किंवा गिल्ट खाते असलेल्या बँकेला सांगून. तिथले मोठे व्यवहार कोटींमध्ये होतात. पन्नास हजारांच्या बिलाला लगेच गिऱ्हाईक मिळेलच असे नाही आणि मिळाले तरी भाव थोडा पाडून मागतो. त्या दरम्यान बाजारातले व्याजदर चढले असतील, तर किंमत आणखी उतरते. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला यातले काहीही लागत नाही.

म्हणून सगळी रक्कम एका बिलात घालू नये. समजा, निवृत्तीचे सहा लाख वर्षभरासाठी बाजूला आहेत आणि मुलीच्या लग्नाचा खर्च त्यातून टप्प्याटप्प्याने होणार आहे. दोन लाख ९१ दिवसांत, दोन लाख १८२ मध्ये, दोन लाख ३६४ मध्ये, असे एकाच बुधवारी घाला. तीन महिन्यांनी हॉलचे आगाऊ पैसे, सहा महिन्यांनी कपडे आणि दागिने, वर्षाच्या शेवटी केटररचे बिल. पहिल्या दोन लाखांची गरज पडली नाही, तर ते पुन्हा ९१ किंवा १८२ दिवसांत फिरवा. किमती अनुक्रमे ९८.६०, ९७.२५ आणि ९४.७० धरल्या, तर सुरुवातीला १,९७,२००, १,९४,५०० आणि १,८९,४०० असे मिळून ५,८१,१०० रुपये जातात. हाती उरलेले १८,९०० बचत खात्यातच राहू द्या. सहा लाख दर्शनी किमतीसाठी सहा लाख लागत नाहीत, हे पहिल्यांदा घेणाऱ्याच्या लक्षात राहत नाही आणि तो उगाच कमी रकमेची बोली लावतो.

पहिल्या वेळी दहा हजारांचेच ९१ दिवसांचे बिल घ्या. नोंदणी, बोली, जास्तीच्या पैशांचा परतावा, खात्यातली नोंद, मुदतीला आलेले पैसे, असे पूर्ण चक्र एकदा डोळ्यांसमोर फिरू द्या आणि मग मोठी रक्कम लावा. त्याच बैठकीत वारसाचे नाव नोंदवा. खात्याचा क्रमांक आणि बिलांची मुदत लिहिलेली वही कुठे ठेवली आहे, ते घरात एका माणसाला सांगून ठेवा. या बिलाचा कागद कपाटात सापडत नाही, त्यामुळे नोंद माहीत नसेल तर घरच्यांना शोधायला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.